व्हा पुढं, मी आहे मागं

फोन ऑफिसात आला, जेवणाच्या सुट्टीत. विमलकाकूंचा आवाज अगदी कोरडा होता, एखादा कार्यक्रम कॅन्सल झाल्याचं कळवावं तसा. "अरे, हे गेले. सकाळी चहा घेता घेता. सगळ्या जगाला पुढे घातलं, आणि इथं मात्र माझ्या आधी नंबर लावला बघ." एवढं बोलून त्या हसल्या, आणि फोन ठेवला. मी डबा अर्धा टाकून निघालो. मी डबा अर्धा टाकल्याचे प्रसंग फार नाहीत, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमधला कुठलाही मराठी माणूस शपथेवर सांगेल.

जगन्नाथ इंगवले, म्हणजे आमचे जगूकाका, मूळचे कोल्हापूरचे. इथे सगळ्यांना ठाऊक होते ते यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर म्हणून. पण पन्नासच्या दशकात शिकायला म्हणून इंग्लंडला गेलेला हा गडी तिथे स्पीडवेच्या शर्यतींत मोटारसायकल पळवायचा. स्पीडवे म्हणजे काळ्या राखेचा लंबगोल ट्रॅक, त्यावर चार गाड्या, चार फेऱ्या, वळायचं फक्त डावीकडे. आणि गाडीला ब्रेक नाही. बिघडलेला नव्हे, मुळात नाहीच. वळण आलं की डाव्या पायाला बांधलेली लोखंडी टाच जमिनीला घासत गाडी आडवी घसरवायची, आणि पुढचं देवावर. कोल्हापूरचा माणूस बिनब्रेकच्या गाडीवर बसला यात बातमी काय, असं मी म्हणायचो. काका एका लहानशा गावाच्या संघातून खेळायचे. पोस्टरवर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही, कारण चौघांत ते बहुतेक वेळा तिसरे नाहीतर चौथे यायचे. "चौथ्याची मजा असती नाटक्या," ते मला सांगायचे, "आख्खी शर्यत बघायला मिळती. फक्त पुढच्या तिघांची राख खावी लागती."

नाटक्या हे नाव मला त्यांनीच दिलं. २००१ साली मी पुण्याहून एडिसनला आलो आणि त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत, एका शाळेच्या हॉलमध्ये, एकट्यानं पाच पात्रं रंगवून लोकांना हसवायचा प्रयत्न केला. लोक हसले. पाचवं पात्र मेल्यावर सर्वांत जास्त हसले, ते मरण गंभीर होतं. कार्यक्रम संपल्यावर एक किडकिडीत म्हातारा स्टेजमागे आला आणि म्हणाला, "चला घरी, चहा पाजतो." मला रस्ते ठाऊक नव्हते. अमेरिकेत सगळे करतात तसं मी म्हटलं, "काका, तुम्ही ड्राइव्ह करा, मी तुम्हाला फॉलो करतो."

"माझ्यामागं कोणी यायचं नाही. तुम्ही व्हा पुढं, मी मागनं सांगतो."

"मागून कसं सांगणार?"

"एक हॉर्न वाजला की डावीकडं, दोन वाजले की उजवीकडं."

न्यू जर्सीत हॉर्न ही भाषा नसून शिवी आहे, हे मला नवीन होतं. शनिवारची संध्याकाळ, ओक ट्री रोडवर मुंगीच्या पावलानं चाललेल्या गाड्या, मागून काकांचे एक-दोन-एक असे हॉर्न, आणि दर हॉर्नला आसपासच्या गाड्यांतून आम्हाला मिळणारे आशीर्वाद. मी दोनदा चुकलो, एकदा मिठाईच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरलो. काका शांतपणे माझ्यामागून तिथेही आले. घरी पोचल्यावर काकूंनी माझा चेहरा बघून पाणी आणलं आणि एवढंच म्हणाल्या, "हॉर्नवर आणलं वाटतं?"

नंतर लक्षात आलं की हे फक्त गाडीचं नव्हतं. देवळात, दुकानात, लिफ्टमध्ये काका सगळ्यांत शेवटी. दारात आडवा हात करून उभे राहायचे, "व्हा पुढं, मी आहे मागं." रस्त्यानं काकू पुढे, हे चार पावलं मागे. आमच्याकडच्या बायका आपापल्या नवऱ्यांना सुनवायच्या, शिका जरा काही. एकदा एका रेस्टॉरंटच्या दारात त्यांची गाठ लखनौच्या एका वयस्कर गृहस्थांशी पडली. ते म्हणतात पहले आप, हे म्हणतात व्हा पुढं, आणि मागे आम्ही पंधरा उपाशी माणसं. शेवटी लखनौ हरलं, आधी आत गेलं. पण तिथेही काका मागे वळून आम्हाला म्हणालेच, "आता तुम्ही." मी घरोघरी ही गोष्ट नकलेसकट सांगत असे. सभ्यतेचा कळस, अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

ती समजूत एका हिवाळ्यात गेली. दुपारची वेळ होती, बाहेर बर्फ. दार उघडताच एक जड, उग्र वास आला. स्वयंपाकघरात काका तापलेल्या तव्यावर थेंब थेंब एरंडेल टाकत उभे होते. काकू बाहेरच्या खोलीत नाकाला पदर लावून बसलेल्या. "लोकांच्या घरात उदबत्ती, आमच्याकडे हे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, काका, पोट बिघडलंय का. काका हसले नाहीत. शर्यतीच्या त्या गाड्यांच्या इंजिनात एरंडेलच घालायचे, म्हणाले. ट्रॅकवर सगळीकडे हाच वास असायचा. मग त्यांनी गॅस बंद केला, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले आणि केनबद्दल सांगितलं.

केन त्यांच्याच संघातला, त्यांच्याच वयाचा. काका केनच्या आईच्या घरी भाड्यानं राहायचे. तिच्या हातचा मटणाचा रस्सा म्हणजे कोल्हापूरची बेअब्रू होती, पण ती माऊली काकांना जास्तीची फोड वाढायची. "त्या दिवशी शर्यत सुटायची दोरी वर गेली आणि कसं कुणास ठाऊक, मी पुढं," काका म्हणाले. "तोंडावर राख येईना. मला वाटलं, काहीतरी चुकतंय. शेवटची फेरी आली तरी मीच पुढं. मग वळणावर, खरंच का मी पहिला, हे बघायला मान मागं वळवली... तेवढंच." गाडी खालून निघून गेली आणि काका ट्रॅकवर आडवे झाले. मागे केन होता. पुढचा माणूस पडला, की मागच्यानं आपली गाडी मुद्दाम आडवी पाडायची, हा त्या खेळातला शिरस्ता. ब्रेकच नाही, तर दुसरं करणार काय. केननं गाडी पाडली. काकांच्या अगदी बाजूनं घसरत तो कुंपणाच्या फळ्यांवर गेला.

"मी उठलो, कपडे झटकले. तो उठला नाही."

काका पुन्हा गाडीवर बसले नाहीत. पुढे नोकरी मिळाली, अमेरिकेत आले. मी माझ्या सवयीनं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, तुम्ही स्वतःला इतकी वर्षं शिक्षा करताय."

"शिक्षा न्हवं रे. खबरदारी." ते तव्याकडे बघत होते. "हा वास आला, की तो येतो. माझ्या पाठीशी उभा राहतो."

"मग?"

"मग काय. त्याला म्हणतो, हो पुढं. जात नाही."

त्यांच्या पाठीशी भिंत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं... आणि त्या दिवसापासून लखनौची नक्कल बंद केली. निघताना काकांनी काकूंच्या देखत मला बजावलं, "मी गेल्यावर माझ्यामागं गाड्यांची रांग नको. एकसुद्धा गाडी नको. तेवढं सांभाळा."

म्हणून फ्युनरल होममध्ये काकूंनी पहिली गोष्ट विचारली ती हीच. तिथला मॅनेजर काळ्या सुटातला, अतिशय अदबशीर. तो समजावू लागला की काकांची गाडी पुढे, तिच्यामागे कुटुंबाची, मग बाकीच्यांच्या, हेडलाइट लावून, असंच असतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्या माणसाच्या पुढे चालल्या होत्या, आणि आता शेवटच्या रस्त्यावर त्याचा शब्द मोडायची वेळ आली होती. मी छातीवर हात ठेवला आणि माझ्या आजवरच्या सगळ्या भूमिकांतली सर्वोत्तम भूमिका केली. म्हणालो, आमच्यात आधी सगळी माणसं जातात आणि मृत व्यक्ती सर्वांत शेवटी येते. आमची पद्धत आहे, फार जुनी. अमेरिकेत 'आमची पद्धत' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मॅनेजरनं मान लववली. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "मेल्या, कुठली रे पद्धत?" मी म्हटलं, "कोल्हापूरची."

तर आम्ही सगळे पुढे निघालो. काकू माझ्या शेजारी, आणि आमच्यामागे, सर्वांत शेवटी, काकांची लांब काळी गाडी. काकूंची नजर आरशातून हलत नव्हती. एका सिग्नलला ती गाडी मागे अडकली.

"थांब," काकू म्हणाल्या.

मी कडेला थांबलो. थोड्या वेळानं डावीकडच्या वळणावरून ती हळूहळू येताना दिसली. तिच्यामागचा रस्ता अगदी मोकळा होता.

"मागे कोणी नाही ना?"

"कोणी नाही काकू."

"मग चल."

परवा तेराव्याला सगळे त्यांच्या घरी जमलो. बाहेर गार वारा होता, लोक घाईनं आत शिरत होते, आणि मी दाराशी उभा राहून एकेकाला पुढे घालत होतो. कधीपासून हे करायला लागलो, कळलंच नाही. शेवटी ड्राइव्हवे रिकामा झाला. आत कुणी एरंडेल तापवलं नव्हतं, काकूंनी ती बाटली केव्हाच टाकून दिली होती. तरीही मला वास आला, एकदाच, आणि अगदी पाठीमागून.

"कोण राहिलंय रे?" काकूंनी आतून विचारलं.

"कोणी नाही."

"मग दार लाव ना. थंडी आत येतेय."

मी दाराची मूठ धरली, आणि लावायच्या आधी थोडा बाजूला सरकलो. दोन माणसं जातील, इतका.

"व्हा पुढं," मी म्हणालो.