सावित्रीत नांगर टाकताना

माहेरी कापड्याला गेले की ओटीवर सगळे जमतात आणि भावाचा पहिला प्रश्न ठरलेला, "आता काय झालं गो नदीवर?" महाडच्या खाली सावित्रीच्या एका जेट्टीवर मी सुपरवायझर आहे. शनिवार-रविवारी पिकनिकच्या बोटींची गर्दी होते. कोणी नांगर कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे बघणं माझं काम. ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? रुजू होताना मलाही वाटलं होतं. आता एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो.

अगदी सुरुवातीचा सांगते. मुंबईचं एक कुटुंब स्वतःची नवीकोरी बोट घेऊन आलं. नांगराच्या दोराचं दुसरं टोक बोटीच्या कडीला बांधा, असं मी पुन्हा पुन्हा बजावलं. गृहस्थांनी मान डोलावली आणि टोक बांधलं प्लास्टिकच्या खुर्चीला. खुर्चीत त्यांच्या सासूबाई! नांगर पाण्यात पडला आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई बगळ्याचा फोटो काढायला उठल्या. त्यांच्या मागून खुर्ची सपकन उडून नदीत गेली. मी ओरडायच्या आत सासूबाई फोटो काढून, मागे न बघता, खाली बसायला गेल्या आणि दाणकन आपटल्या.

जावई म्हणाले, "आई, जरा सांगून बसायचं ना."

*

सावित्रीत मगरी आहेत, हे महाडात कोणालाही विचारा. म्हणून चिखलाच्या काठाला बोट लावायची नाही, हा आमचा सक्त नियम. पुण्याच्या एका साहेबांना तो पटला नाही. नांगर धरत नाही म्हणून ते छोटी बोट घेऊन काठाला गेले, गुडघाभर चिखलात उतरले आणि दोर बांधायला एका ओंडक्याकडे वाकले. आमचा विलास गस्तीच्या बोटीवर होता. तो कधी घाई करत नाही. त्याने भोंगा तोंडाशी धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, ते लाकूड नाय."

साहेब जागच्या जागी थिजले. ओंडका जरासुद्धा आवाज न करता पाण्यात सरकला. विलासने त्यांना जेट्टीवर आणलं तेव्हा त्यांनी माझा हात जो घट्ट धरला, तो चहा येईपर्यंत सोडला नाही. ओळख ना पाळख.

*

भरती संपून ओहोटी लागली की नांगरावरची बोट गोल फिरते. त्यामुळे दोन बोटींत अंतर ठेवा म्हणून मी घसा फोडून सांगते. एकदा प्री-वेडिंगचं शूटिंग होतं. पाणी थांबलेलं, नवरीमागे मावळता सूर्य, सगळं छान जमलेलं. तेवढ्यात ओहोटी लागली आणि बोट फिरू लागली. फोटोग्राफरने मला फोन केला, "मॅडम, सूर्य पलीकडे गेला."

सूर्याचं जाऊ द्या. फिरता फिरता ही बोट शेजारच्या बोटीला जाऊन टेकली. त्या बोटीत चार मित्र ग्लास घेऊन बसले होते. त्यातले एक होते नवरदेवाचे वडील. ते त्या दिवशी घरी सांगून निघाले होते की महाडला कोर्टात तारीख आहे.

नवरी संस्काराची. तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि या बोटीतून त्या बोटीत वाकून नमस्कार केला.

"सुखी राहा," सासरे म्हणाले. ग्लास ठेवायला जागाच नव्हती.

*

एका ग्रुपने भोयांच्या जाळ्यावरच नांगर टाकला. वर ओढला तर त्याला फाटलेलं जाळं, आणि जाळ्यात मासे. नांगरालाच मासे लागले म्हणून पोरं नाचत जेट्टीवर आली आणि तिथे बसलेल्या म्हातारीला विचारू लागली, "आजी, घेणार का? ताजे आहेत."

जाळं त्या आजीचंच होतं. तिने मासे टोपलीत ओतून घेतले, जाळं खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "नांगर पण ठेवा हितंच."

त्यांनी ठेवला.

*

आता सुरेश आणि मंगलचं. नवराबायको मिळून बोट चालवतात. तो हाकतो, ती पाहुण्यांना शहाळी फोडून देते. परतीच्या पावसाचे दिवस होते. महाडला लख्ख ऊन, पण नदी जिथून येते त्या पोलादपूरच्या डोंगरात काळंकुट्ट झालेलं. मी सगळ्या बोटी परत बोलावल्या. सुरेश मात्र मधोमध आखूड दोरावर नांगर टाकून राहिला. बोटीत वरंधचे एक शिक्षक, त्यांची बायको आणि छोटी मुलगी होती.

पाणी आलं ते एकदम. लाल, फांद्या घेऊन. नदी चढू लागली तसा आखूड दोर ताणला आणि बोटीचं नाक खाली ओढलं जाऊ लागलं. नांगर खडकात अडकलेला. विलासने गस्तीची बोट काढली, पण वाहत्या लाकडांमुळे त्याला जवळ जाता येईना. मी भोंग्यावर ओरडत होते, "सुरेश, दोर काप!" तो कापेना. दोन्ही हातांनी ओढतच राहिला. नाकावरून पाणी आत आलं. शिक्षकांनी मुलीला खांद्यावर घेतलं.

मंगल उठली. तिने नवऱ्याला कोपराने बाजूला लोटलं आणि शहाळ्याचा कोयता दोरावर घातला. पहिल्या घावात तुटला नाही. दुसऱ्यात तुटला. बोट उसळून वर आली, आडवी फिरली आणि वाहत सुटली. खूप खाली वळणावर विलासने ती काठाला घेतली. मी काठाने धावत पोचले तेव्हा शिक्षकांची बायको मुलीला कवटाळून जमिनीवर बसली होती. रडूही येत नव्हतं तिला.

सुरेशचे तळवे सोलून निघाले होते. तो नदीकडे बघत होता.

"नांगर नवा होता गो."

मंगलने कोयता त्याच्या हातात दिला आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

"जा, घेऊन ये."