चोरीची काडी

हिवाळा लागला की माझ्या खोलीत धड उभं राहायला जागा नसते. खिडकीपाशी जुनं टेबल आहे. त्यावर दह्याचे डबे, अर्धे कापलेले तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या. त्यांत मिरची, वांगी, टमाट्याची रोपं, आणि भिंतीच्या बाजूला वेगवेगळ्या झाडांच्या काड्या. पांढुर्ण्याची थंडी फार दिवसांची नसते, पण पडते तेव्हा बाहेरचं कोवळं रोप एका रात्रीत काळं करते. म्हणून सगळं आत आणते. सूनबाई दारातूनच विचारते, "आई, तुम्ही यांच्यात झोपता कुठं?"

"झोपायला लागते किती जागा?"

ती चिखलाबद्दल काहीतरी पुटपुटते आणि जाते. तिचं चूक नाही. चिखल होतो.

आमच्याकडे बायका मानतात की चोरून आणलेली काडी लागते आणि मागून आणलेली सुकते. गुलाब असो, मोगरा असो, मागायचं नाही, आणि मालकिणीनं आपल्या हातानं द्यायचं तर मुळीच नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे. झाडाला चोरी कळत नाही एवढं मला समजतं. माझ्या मते यातली गोष्ट सोपी आहे. चोरणारीला घाई असते. ती मागच्या बाजूची, कोणाला दिसणार नाही अशी एकच जुनी काडी मोडते, आणि लावायला तीच बरी असते. देणारी बाई मान राखायला समोरची, कोवळी, कळी असलेली फांदी देते. ती डब्यात सडते. एवढंच. पण समजलं म्हणून मी कधी मागायला लागले असं नाही. सगळ्या चोरतात, मीही चोरली.

सर्वांत जास्त चोरी केली ती सावरगावच्या बाईकडे. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की आलं. आमची ओळख बाजारात झाली, मेथीच्या एका जुडीवरून भांडून. जुडी मी निवडून बाजूला ठेवली होती, तिनं उचलली. तिचं म्हणणं, बाजूला ठेवलेली वस्तू कोणाचीच नसते. त्यावर आम्ही एवढं बोललो की भाजीवाल्यानं दोघींना उठवलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भेटली आणि म्हणाली, "ते मेथी कडू निघाली वो. तुह्या तोंडासारखी." तेव्हापासून तिच्याकडे माझं जाणं सुरू झालं.

तिच्या अंगणात गावठी गुलाब होता. फिकट गुलाबी, पाकळ्या लगेच गळणारा, पण वास असा की फूल ओच्यात ठेवलं तर लुगडं धुतलं तरी जात नसे. हा गुलाब ती लग्नानंतर माहेराहून, सौंसरहून, घेऊन आली होती. माहेराहून आणली म्हणजे ती काडीही चोरूनच, आपल्या काकूच्या दारातून.

मी गेले की ती ओसरीतूनच ओरडायची, "काय वो पांढुर्णेवाली, इकडं काय करून राहिली?"

"काही नाही. तुझ्या हातचा चहा प्यायले आली."

"माह्या हातचा चहा तं तुले फिक्का लागते."

"लागते. तरी आली."

मग ती आत जायची. दोन कप चहाला एवढा वेळ लागत नाही. आत नुसती भांडी वाजवत बसायची. मी झाडामागे जाऊन नखानं काडी मोडून पदरात घ्यायची आणि पुन्हा येऊन बसायची. चहा घेऊन बाहेर येण्याआधी ती मोठ्यानं खाकरायची, म्हणजे मी अजून झाडापाशी असले तर सरकावं. माझ्याकडे आली की हेच उलट. माझ्या दाराशी शेवंती होती, दोन रंगांची जास्वंद होती. मी आत जाऊन भांडी वाजवत बसे. निघताना कोणीच काही बोलत नसे. कोणी कधी आभारही मानले नाहीत. आभार मानले की चोरी राहत नाही.

खरं सांगायचं तर तिच्या गुलाबाची काडी माझ्याकडे कधी टिकली नाही. लागायची, एखादं वर्ष फुलायची, मग उन्हाळ्यात जायची. माझी जमीन काळी, पाणी धरणारी. तिचं अंगण मुरमाचं. म्हणून दर हिवाळ्यात पुन्हा चोरायला जावं लागे. मी जमिनीत मुरूम घालून पाहू शकले असते. घातला नाही.

बियाणं जगवण्यात मात्र ती माझ्यापेक्षा हुशार. थंडीत मिरचीचं बी लवकर फुटत नाही. ती बी ओल्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी दिवसभर कमरेला खोचून हिंडायची. मोड आले की मला दाखवायची.

"पाह्य. दुसऱ्यांदा बाळंत झाली."

"या वयात?"

"तुले जमत नसल तं जळू नको."

मी करून पाहिलं. माझ्या कमरेला नुसतं ओलं झालं आणि सर्दी झाली.

मागच्या हिवाळ्यात तिच्या मुलानं सावरगावचं घर विकलं. त्याची नोकरी सौंसरला, तिथं त्यानं बांधलं, आणि आईला एकटीला इकडे किती दिवस ठेवणार? ते बरोबरच होतं. घेणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं की अंगणात गाडीसाठी फरशी टाकणार. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. पुढच्या दारानं आली. हातात ओला टॉवेल, आणि टॉवेलात पाच-सहा काड्या.

"घे," म्हणाली.

"हे काय?"

"दिसत नाही का? काड्या."

"मी मागितल्या होत्या?"

"नाही मागितल्या म्हणून तं देऊन राहिली."

"दिलेली लागत नाही. तुले माहीत हाय."

"मंग फेक नालीत."

टॉवेल टेबलावर ठेवून ती बसली. मी चहा केला. त्या दिवशी भांडी वाजवली नाहीत. चहा पिऊन उठताना तिनं दाराची चौकट धरली, कारण गुडघे तोवर गेलेच होते, आणि म्हणाली, "लागली तं सांगजो. चोरायले येईन."

एवढं बोलून ती पुलाकडे गेली. मी टॉवेल उघडला. काड्या सगळ्या मागच्या बाजूच्या होत्या, जुन्या, पेन्सिलीएवढ्या जाड. एकही कळी नव्हती.

सौंसर काही लांब नाही. बस दीड-दोन तासांत पोचवते. पण मला बस लागते. तिच्या नव्या घराच्या वास्तूला मी गेले होते, सगळा रस्ता पिशवीत तोंड घालून. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे आहेत म्हणतात, मी एक झाड पाहिलं नाही. आणि कारण नसताना म्हातारी बाई दुसऱ्याच्या सुनेच्या घरी कशासाठी जाईल? कोणी नको म्हणत नाही. पण गेलं की खुर्ची देतात, नाश्ता देतात, टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि मग सगळे आपल्याकडे पाहत बसतात. म्हणून ती काडी लागणं जरूर होतं. काडी लागली तर तिला यायला कारण मिळणार होतं.

मी काड्या खालून तिरप्या कापल्या, वरच्या टोकाला शेण लावलं, वाळू आणि खताच्या डब्यात खोचल्या, वरून कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घातली. उन्हाकडच्या खिडकीत ठेवल्या. माझा दीर संत्र्याची कलमं करणारा. तो आला तेव्हा हसला. "वहिनी, काडी जगवायची एवढी खटपट कशाले? मले द्या. रानगुलाबाच्या खोडावर हिचा डोळा बांधून देतो. मरणार नाही."

"खाली एकीचं मूळ अन् वर दुसरीचं डोकं. नको."

"सारा संत्रा तसाच हाय, वहिनी. खाली जंभेरी लिंबाचं खोड असते."

"संत्रा मले चोरायचा नाही."

त्याला काही समजलं नाही. मी समजावलंही नाही.

सावरगावची दर रविवारी फोन करायची. नातू लावून द्यायचा. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"लागली का?"

"पानं फुटून राहिली."

"पानाचं सांगू नको. मूळ सांग."

तिचं बरोबर होतं. काडी आपल्या अंगातल्या ताकदीवर पालवी फोडते. खाली मूळ नसलं तरी वरून हिरवी दिसते, आणि पाहणारा खूश होतो. मग एके दिवशी ती पानं तशीच मान टाकतात.

"मूळ पाहू कशी? उपटून?"

"उपटशील तं तुले पाहून घेईन."

"तिथून?"

तोंडातून निघून गेलं. बोलायला नको होतं.

पौषात दोन काड्या खालून काळ्या पडल्या. मग एक. मग थंडीची मोठी लाट आली आणि आणखी दोन गेल्या. मी त्या एकेक करून काढून टाकल्या, तिला सांगितलं नाही. एकच उरली. तिची पानं गळली होती, पण साल नखानं किंचित खरवडली तर आतून हिरवी. खरवडू नये हे मला माहीत आहे. तरी आठवड्यातून एकदा हात जायचा. रविवारी ती विचारायची, मी म्हणायची, "हाय." ती म्हणायची, "हाय म्हणजे?" मी म्हणायची, "हाय म्हणजे हाय."

होळीच्या आसपास सूनबाई खोली झाडत होती. डबा उचलून पुसायला गेली आणि म्हणाली, "आई, याच्या खाली काहीतरी आलंय. अळी आहे वाटतं." डब्याच्या बुडाच्या भोकातून पांढरं, सुतळीच्या धाग्याएवढं मूळ बाहेर लोंबत होतं. मी तिला म्हटलं, हात लावू नको. थोडं जोरातच म्हटलं असेन, ती घाबरली.

रविवारपर्यंत थांबले नाही. मुलाकडून फोन लावून घेतला.

"लागली," म्हटलं.

पलीकडे टीव्ही चालू होता. तिनं तो बंद करायला लावला. मग म्हणाली, "दिलेली लागली?"

"लागली."

"तं मंग इतके वर्षं आपण काय करून राहिलो होतो वो?" आणि हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि नातवानं फोन घेतला.

ती श्रावणात आली. तिच्या मुलाला पांढुर्ण्यात काम होतं, तो तिला गाडीतून माझ्या दारात सोडून गेला. गुलाब तोवर मोठ्या कुंडीत होता, वीतभर वाढलेला. ओसरीतूनच तिनं तो पाहिला आणि दुसरीकडे पाहायला लागली, जसा काही पाहिलाच नाही.

"कशाले आली वो सावरगाववाली?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडे आली. तुह्याकडे कोण येते?"

"मी चहा टाकते," म्हणून मी उठले.

मग लक्षात आलं की तिला वाकता येत नाही. कुंडी खाली होती. चौकट धरून ती कशीबशी उभी राहत होती, कुंडीपर्यंत खाली कशी जाणार? काडी मोडून मी तिच्या हातात देऊ शकत नव्हते. मी कुंडी उचलून स्टुलावर ठेवली, तिच्या हाताशी, आणि मोठ्यानं म्हटलं, "खालची फरशी पुसायची हाय." ती म्हणाली, "पुस ना, मी काय धरून ठेवली?" मी आत गेले आणि भांडी वाजवत बसले. चहा उतू गेला तरी बसले. काडी मोडली की कट्‌ असा आवाज येतो. तो ऐकू येतो का म्हणून एकदा भांडी वाजवणं थांबवलं. आला नाही. खाकरले आणि बाहेर गेले. ती खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, मुठी मिटलेल्या. घेतली असेल म्हणून मी पाहिलं नाही.

ती गेल्यावर कुंडी उतरवली. फांदीन् फांदी जागेवर होती.

रविवारी मी विचारलं, "काहून नाही नेली?"

"बारीक होती. हिवाळ्यात येईन, मोठी झाली म्हणजे."

आता तो हिवाळा आहे. कुंडी मी खोलीत आणली आहे, या वर्षी तिच्या बुडाशी मुरूम घातला आहे. मागच्या बाजूच्या दोन फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या आहेत. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात, तोवर तिला गाडीत बसवत नाहीत. परवा माझा मुलगा म्हणाला, "आई, दोन काड्या ओल्या फडक्यात बांधून दे. सौंसरच्या बसवाल्याजवळ देतो. दुपारपर्यंत तिच्या हातात पोचतील."

"दिलेली लागत नाही," मी म्हटलं.

"लागली होती ना. तुझ्यासमोर आहे."

हो. लागली होती. पाठवली तर तिच्याकडेही लागेल, तिला जमतं ते. मी त्याला म्हटलं, राहू दे. तो गेल्यावर स्टूल पुसून कुंडीजवळ आणून ठेवलं.