पहिल्या दिवशी जुन्यानं अडखळायचं

आसपासच्या चार जिल्हा परिषद शाळांतले आम्ही पाच शिक्षक बरीच वर्षं शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या वेळी एकत्र जमतो. या बैठकीचं पत्र निघत नाही, फोटो कुठं टाकायचे नसतात. ज्याच्या शाळेत बैठक, त्यानं मुलांना थांबवून अर्धा तास शिकवायचं. बाकीच्यांनी एकेका मुलाशेजारी बसून ते मूल काय करतं एवढंच टिपायचं. शिकवणाऱ्याबद्दल एक शब्द नाही. आणि नवीन शिक्षक आला की त्याच्यासमोर पहिला तास सगळ्यात जुन्यानं घ्यायचा, तोही स्वतःला न जमणारा. इथं अडखळलेलं चालतं, हे नवख्याला दिसलं पाहिजे.

सगळ्यात जुना मीच.

गेल्या साली आलेला एक तरुण शिक्षक दोन शनिवार बसला आणि यायचा थांबला. "इथंही देखावाच असते ना सर," एवढंच म्हणाला. म्हणून दिग्रसकडच्या, नव्यानं रुजू झालेल्या मॅडम येणार म्हटल्यावर आमचा जीव त्यांच्यात अडकला होता. त्याही गेल्या, तर आम्ही पाच जण एकमेकांची तोंडं पाहतच निवृत्त झालो असतो.

मी हातच्याची वजाबाकी घेणार होतो. माझ्या तिसरीला ती येत नव्हती. लिहायला लाज वाटते, पण शुक्रवारी मी तीच गणितं मुलांकडून चार-चारदा घोटून घेतली. बंजारा तांड्यावरची एक मुलगी तरीही चुकत होती. सुटताना तिला म्हटलं, "तू उद्या नाही आली तरी चालते." इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, नुकत्याच लागलेल्या एका शिक्षिकेसमोर मला हुशार दिसायचं होतं.

शनिवारी फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिलं. खडू खाली ठेवायच्या आत सगळे हात वर. मॅडम मधेच उठून व्हरांड्यात गेल्या. मला वाटलं, फोन आला असेल.

चहाच्या वेळी एकेकानं टिपण वाचलं. "माझ्यावालं पोरगं प्रश्न व्हायच्या आधीच हात वर करून राह्यलं होतं," एक जण म्हणाला. दुसरा हसला, "सर, पोरायले काय खाऊ घातलं?" मीही हसलो.

मग मॅडमनी वही उघडली. खिडकीबाहेर त्यांना एक मुलगी दिसली होती. फळ्याकडे पाहत ती फरशीवर बोटानं लिहीत होती: तीन, वीस, दोन. मॅडम स्वतः तांड्यावरच्या. त्यांनी तिला आपल्या गोरबोलीत विचारलं. मुलीनं सांगितलं, रोज सांजेला शेळ्या परततात तेव्हा ती दारात उभी राहून मोजते. बावन्नातल्या सत्तावीस आल्या. तिसाला तीन हव्यात. पन्नासाला आणखी वीस. वरच्या दोन. म्हणजे पंचवीस यायच्या आहेत.

तीन, वीस, दोन. हे आकडे मी तिच्या वहीत किती वेळा पाहिले होते, आणि दरवेळी लाल पेनानं फुली मारली होती. आठ वर्षांची पोर, कुणी न शिकवता, दारात उभ्या उभ्या मला कधी न सुचलेली वाट काढून बसली होती.

"पुढं?" कुणीतरी विचारलं. वहीत आणखी एक ओळ होती. मॅडमची नजर तिच्यावर गेली आणि त्यांनी वही मिटली. "एवढंच."

पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना झाकायला शिकवलं होतं.

"वाचा मॅडम," मी म्हटलं.

"राहू द्या ना सर."

"मग मीच सांगतो. आज येऊ नको असं तिला मी म्हटलं होतं." आणि शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं.

चहा गाळणाऱ्या बाई आमच्या पाचांतल्याच, माझ्या जुन्या सहकारी. त्या म्हणाल्या, "अजून तपासणीचं भेव जात नाही का हो तुमचं? कोण साहेब आलता इथं?"

मॅडमनी कप खाली ठेवला, वही पिशवीत घातली. मला वाटलं, याही गेल्या.

"पुढचा शनिवार माझ्या शाळेत ठेवा," त्या म्हणाल्या. "माझ्या दुसरीतली चार पोरं वाचतच नाहीत. काहून, ते मले समजून नाही राह्यलं. अन् सर, त्यातल्या एकाजवळ तुम्ही बसा."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र त्यांच्या शाळेत सगळ्यांच्या आधी मीच पोचलो.