विभावरी बोलायची थांबली तो हिवाळा

विभावरी पोहनकर आधीपासून मोठ्यानं बोलायची असं नाही. लहानपणी, नर्मदेकाठच्या हिंदी मुलखात, खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये, ती शेजाऱ्यांना आठवते ती खिडकीत बसून बाहेर बघणारी, हाक मारली तर दचकणारी मुलगी म्हणून. तिचा आवाज चढला तो नोकरीत.

विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयामागे एक बैठी इमारत आहे. तिच्या आतल्या थंड खोलीत काळ्या कपाटांच्या रांगा आहेत, आणि प्रत्येक कपाटात एकमेकांना जोडलेले कितीतरी संगणक. या सगळ्याला मिळून क्लस्टर म्हणतात. जे गणित प्राध्यापकांच्या टेबलावरच्या संगणकाला वर्षभर पुरलं असतं, ते इथे एका दिवसात होतं. कुणी नदीच्या पुराचा हिशोब लावतं, कुणी औषधाच्या रेणूचा, कुणी गव्हाच्या वाणाचा. हे यंत्र चालतं ठेवणं आणि संशोधकांना त्याच्याशी बोलायला शिकवणं, हे विभावरीचं काम. त्या खोलीत शेकडो पंखे अखंड घोंगावतात. तिथे शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं. वर्षानुवर्षं ती तशी ओरडून बोलली आणि मग बाहेरही तशीच बोलायला लागली. रेल्वेत नोकरीला असलेला तिचा नवरा अमेय म्हणायचा, "अगं, मी काही सर्व्हर नाही. हळू बोललीस तरी ऐकू येते मला."

ती हुशार होती, आणि तिची हुशारी घाईची होती. समोरचा अर्ध्या वाक्यात असतानाच तिला उरलेलं अर्धं कळायचं, आणि ते ती स्वतःच बोलून टाकायची. वर उत्तरही द्यायची. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. तिला तर नाहीच.

मग तिला केंद्राची प्रमुख केलं. हाताखाली अनिमेष आणि दीपा. वेगवेगळ्या विद्यापीठांत अशी यंत्रं सांभाळणाऱ्या लोकांसाठी बेंगळुरूला नेतृत्वाचं शिबिर होतं, तिथे तिला पाठवण्यात आलं. यंत्र सांभाळणं वेगळं आणि माणसं सांभाळणं वेगळं, असं तिथे सांगितलं. चांगला प्रमुख आधी ऐकतो, असंही सांगितलं. विभावरीला ते मनापासून पटलं. परत आल्या आल्या तिनं दोघांना बसवून घेतलं आणि ऐकून घेण्याचं महत्त्व इतका वेळ समजावून सांगितलं, की दोघांचा चहा गार झाला. अनिमेषनं एकदा तोंड उघडलं होतं. "हो, हो, तू हेच म्हणणार ना," असं म्हणून त्याचंही तिनंच बोलून टाकलं.

त्या दिवाळीनंतर तिचा आवाज फाटायला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर बारीक गाठी होत्या. त्या काढल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं, "दोन आठवडे एक शब्द नाही. कुजबुज तर मुळीच नाही. त्यानं गळ्यावर जास्त ताण येतो."

पहिले दोनतीन दिवस ती नुसती धुमसत होती. मग हळूहळू काहीतरी सैलावलं. बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायची तयारीही करावी लागत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. डोक्यात सतत रांग लावून उभी असलेली वाक्यं एकेक करून घरी निघून गेली. सकाळी ती अमेयबरोबर ग्वारीघाटावर जाऊन बसायची. नर्मदेवर धुकं इतकं दाट, की पलीकडचा काठ आहे की नाही सांगता येऊ नये. त्या पांढऱ्या पोकळीतून एखाद्या नावेच्या वल्ह्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, आणि नाव दिसायची तेव्हा ती आपल्या अगदी जवळ असायची. विभावरी तासन्‌तास तशीच बघत बसली असती. आपण झोपेत आहोत की जागे, हे तिला कधीकधी नीट कळायचं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटायचं नाही.

घरी वेगळीच गंमत. यशश्री, तिची कॉलेजातली लेक, मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. आता आईच गप्प म्हटल्यावर घर फारच सुनं वाटायला लागलं, तेव्हा ती स्वतःहून मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली. "आई, तू जेवली का? मी भात करून राहिली." चूक सुधारायला आईजवळ आवाज नव्हता. त्यामुळे ती बोलतच राहिली.

रजा मात्र विभावरीनं घेतली नाही. फोनवर टाइप करून दाखवेन, म्हणाली. म्हणजे, लिहिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टर मुरलीधर वैशंपायन आले. पिकांच्या रोगांवर काम करणारे हे प्राध्यापक नावासारखेच लांबण लावून बोलायचे. एकेका शब्दाला थांबत, जणू पुढचा शब्द दुसऱ्या खोलीतून आणायचाय. शहपुऱ्याच्या बाजूला विद्यापीठाचं छोटं शेत होतं. तिथल्या मटारच्या पानांचे फोटो काढून, भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडायला लागल्याचं डोळ्यांना दिसण्याआधी यंत्राला ओळखता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. गेली दोन वर्षं ते अधूनमधून यायचे. "आमच्या फोटोंचं... असं आहे की..." इतकं म्हणेपर्यंत विभावरी म्हणायची, "जागा कमी पडते ना सर? देते वाढवून." आणि द्यायची. ते आभार मानून निघून जायचे. त्यांच्या वाट्याचं यंत्र तसंच रिकामं पडून राहायचं. सर वापरतच नाहीत, अशी तिची तक्रार असायची.

या वेळी ते म्हणाले, "आमच्या फोटोंचं... असं आहे की..." आणि सवयीनं थांबले.

विभावरीनं गळ्यावर हात ठेवून मान हलवली. बोला.

त्यांना तशी सवय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मशीन... फार छान आहे हो तुमचं. मशीनचा प्रश्न... नव्हताच कधी. फोटो इथवर पोहोचतच नाहीत. शेतावर नेटवर्क नाही. पोरं डिस्क घेऊन बसनं येतात. निम्म्या वेळा... येतच नाहीत. येतात तोवर भुरी सगळ्या शेतभर."

विभावरीचे कान तापले. दोन वर्षं तिनं या माणसाला मोठमोठी रिकामी गोदामं दिली होती, आणि त्याच्याजवळ माल आणायला रस्ताच नव्हता.

"सर, कनेक्शन वाढवून घ्या ना," अनिमेष म्हणाला.

"काहून उगाच बोलतोस," दीपा म्हणाली. "माझी मावशी मझौलीला राहते. तिच्या गावात फोन लावायला गच्चीवर चढावं लागते. कनेक्शन कुठून वाढवणार?"

विभावरीची बोटं एव्हाना फोनवर पळायला लागली होती. उत्तर तिला दिसत होतं. उंच खांब, वेगळी लाइन, कुलगुरूंच्या कार्यालयाकडून मंजुरी. तीन ओळी झाल्या. आता फक्त फोन पुढे करायचा.

ती थांबली. का, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. गळा बंद होता, पण बोटं तर मोकळी होती. कुणी अडवलं नव्हतं. तिनं तिन्ही ओळी पुसल्या आणि लिहिलं, "दीपा, तुला काय वाटून राहिलं?"

दीपानं वाचलं आणि मागे वळून बघितलं, जणू मागे दुसरी कुणी दीपा उभी असावी.

"मला?" ती म्हणाली. मग चाचरत, "दीदी, सगळे फोटो इथं आणायचेच काहून? एक छोटा कम्प्युटर शेतावरच ठेवू. धूसर फोटो तो तिथंच फेकेल. चांगले तेवढे लहान करून थोडे थोडे पाठवेल. नेटवर्क येईल तसं."

"धूळ किती असेल! आणि लाइट गेली की?" अनिमेष म्हणाला.

"तर बॅटरी लाव ना तू. तुलाच येते ते."

"बॅटरी... अच्छा. सोलर पण चालेल." त्यानं खुर्ची पुढे ओढली. मग दोघांची चांगलीच जुंपली. विभावरी बघत राहिली. दोघांच्याही बोलण्यात तिला एकेक चूक दिसली. थोड्या वेळानं दोघांनी एकमेकांच्या चुका स्वतःच काढल्या. वैशंपायन सर भारावून म्हणाले, "एकदा... येऊन बघाल का शेत?"

ते सगळे जीपनं गेले. धुक्यातून रस्ता जेमतेम दिसत होता. समोरून मटारच्या पोत्यांनी लदलेले ट्रॅक्टर एकदम उगवायचे आणि विरून जायचे. शेतावर पोचेपर्यंत ऊन पडलं. वेलींवरचं दव चमकत होतं, पांढरी फुलं पाकोळ्यांसारखी बसली होती, आणि हवेत शेंगांचा कोवळा, हिरवा वास होता. दीपा शेतावरच्या पोरांबरोबर विजेचा खांब कुठे, सावली कुठे, उंदीर किती, हे विचारत फिरत होती. इतकी मोकळी ती केंद्रात कधी दिसली नव्हती.

विभावरी बांधावर बसली. शेजारी अनिमेष येऊन बसला. बराच वेळ शेंगा सोलून झाल्यावर तो म्हणाला, "मॅम, एक सांगायचं होतं. हैदराबादला अप्लाय केलं मी."

तिनं वळून पाहिलं.

"मागच्या वर्षी क्लस्टर बंद पडलं होतं ना, तेव्हा मी अर्धं शोधलं होतं. तुम्ही आल्या, मला बाजूला केलं, पाच मिनटात ठीक करून टाकलं. तुम्ही गलत नव्हत्या, मॅम. बस, मला वाटलं की मी तिथं नव्हतोच."

तिच्या गळ्याशी कितीतरी गोष्टी आल्या. घाई होती, वरून फोन येत होते, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. आवाज असता तर तिनं ते सगळं सांगितलं असतं, आणि अनिमेषचं बोलणं त्याखाली बुजून गेलं असतं. आता ते तिला तसंच्या तसं ऐकावं लागलं. तिचे डोळे भरले. त्यानं घाबरून सोललेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले.

शेतावर तो छोटा कम्प्युटर एका डब्यात बसला. पहिल्याच आठवड्यात उंदरांनी वायर कुरतडली. दीपानं लोखंडी नळी घातली. मग फोटो यायला लागले, एकेक करून, जसे संध्याकाळी पक्षी परततात. त्या हंगामात यंत्राला भुरी नीट ओळखता आली नाही. ते दवालाच भुरी समजायचं. वैशंपायन सर मात्र खूश होते. निदान चुकायला तरी काही मिळालं, म्हणाले. पुढच्या हंगामात यंत्र बरंच सुधारलं.

अनिमेष गेला. त्याला हैदराबादची नोकरी मिळावी म्हणून विभावरीनंच तिथल्या लोकांशी बोलणं केलं. जाण्याआधी त्यानं नव्यानं आलेल्या पियूषला सगळं शिकवलं, आणि त्या शिकवणीच्या वेळात विभावरी ठरवून बाहेर राहिली. ते सोपं गेलं नाही. दाराशी ती दोनदा येऊन परत गेली.

आवाज आला, पण पूर्वीचा नव्हे. खालच्या पट्टीतला, जरा घोगरा. यंत्रांच्या खोलीत तो कुणाला ऐकूच जात नाही. तिथलं आता दीपा आणि पियूष बघतात. विद्यापीठाच्या वार्षिक बैठकीत शेतावरच्या कामाबद्दल विभावरीनं बोलावं, असं ठरलं होतं. तिनं दीपाचं नाव दिलं. दीपा मधेच अडखळली, एक आकडा विसरली. तिसऱ्या रांगेत विभावरीच्या जिभेवर तो आकडा होता. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मग दीपा हसून म्हणाली, "एक मिनट हं, बघून सांगते," आणि बघून सांगितलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

आता पनागरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी असाच डबा मागितलाय. परवा दीपा निघताना दारातून म्हणाली, "दीदी, चलते का?"

"तू जाऊन ये," विभावरी म्हणाली.

जीप गेली. ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. माघातलं ऊन पायांवर आलं होतं. आत पियूष कुणा संशोधकाशी बोलत होता, समजावत होता, मधेच चुकत होता, पुन्हा सांगत होता. शब्द नीट कळत नव्हते. नुसता लहरीसारखा येणारा आवाज. ऐकता ऐकता विभावरीचे डोळे मिटले.