तुलारामची दिवसपाळी

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये तुलारामचं अख्खं आयुष्य रात्रपाळीत गेलं. रात्रीची वीज सवलतीची, म्हणून मिल रात्रीच धडधडायची. सकाळी तो घरी येऊन झोपायचा आणि बायको धुरपता गल्लीतल्या पोरांना अंगणात फिरकू द्यायची नाही.

पुढे सौर वीज वाढली. भर उन्हात ती गरजेपेक्षा जास्त होऊ लागली, तशी दिवसाची वीज स्वस्त झाली आणि रात्रीची सवलत गेली. मालकानं रात्रपाळी बंद केली. तुलारामला दिवसपाळीत घेतलं, पण महिनाभर काम बघूनच कायम ठेवू, असं बजावलं.

धुरपता हरखली. "आता तरी माणसावानी राती झोपसान!"

पण रात्री त्याचा डोळा लागेना आणि दुपारी मशीनपाशी उभ्या उभ्या डुलकी येई.

"काहून हो तुलारामभाऊ, वहिनी राती झोपू देत नाही का?" मॅनेजर संजीव आधी हसण्यावारी न्यायचा. एक दिवस डुलकीच्या भरात धान तुंबलं, पट्टा तुटला आणि मिल बंद पडली. संध्याकाळी संजीवनं खाली मान घालून सांगितलं, "भाऊ, उद्यापासून नका येऊ. माह्या हातात काही नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुलाराम घरात गाढ झोपला होता. पोरं अंगणात शिरली, तशी धुरपता सवयीनं धावली.

"चूप रहा रे! काका रातपाळीहून आले."

पलीकडे मिल जोरात चालू होती.