मेहुण्याची हिरवी बत्ती

माझ्या मेहुण्याइतका बिनडोक माणूस अख्ख्या भिवंडीत शोधून सापडायचा नाही. मी जन्मभर लूमवर काम केलं, नाना तऱ्हेची डोकी पाहिली, म्हणून सांगतो. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून इतकी वर्षं सोसला. ती श्रावणात गेली. हा आहेच.

जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात तो मुकादम. उंच रॅकवरचा कुठला खोका उतरवायचा ते फोर्कलिफ्टवाल्याला खालून दाखवायला त्याने पेनाएवढी हिरवी लेझर बत्ती घेतली, आणि त्या दिवसापासून त्याचं बोट कामातून गेलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या बादलीवर ठिपका टाकून म्हणणार, "भाय, इधर." बहीण आजारी पडली, डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो काचेवर लावला, तर हा मागून ठिपका फिरवत विचारतो, "साहेब, ह्ये हितं काय हाय?" डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं. बायको मात्र हसली, खोकत खोकत हसली. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. सगळे हात जोडून उभे, आणि या शहाण्याने कावळ्याला दिसत नसेल म्हणून भातावर हिरवा ठिपका टाकला. कावळा उडाला तो उडालाच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

तरी कार्तिकात गच्चीवर आकाशदिवा बांधायला मीच त्याला बोलावलं. गेलेल्या माणसाला वाट दिसावी म्हणून आपल्यात लावतात. बांबू उभा केला, कंदील चढवला, पण समोरच्या गोदामाच्या दिव्यांपुढे तो काजव्याएवढाही दिसेना. मग याने डोकं चालवलं. मुंबईत उतरणारी विमानं आमच्या घरावरून जातात. बायको पापड वाळत घालताना मान वर करून म्हणायची, एकदा यात बसायचंय. हा म्हणायचा, मी बसवतो. कसलं बसवतोय. आता रोज दिवेलागणीला गच्चीवर उभं राहून प्रत्येक विमानावर हिरवी रेघ सोडायला लागला.

पाचव्या दिवशी पोलीस आले. पायलटच्या डोळ्यांवर उजेड गेला होता, त्याने लगेच खाली कळवलं होतं. आम्हा दोघांना पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, विमान उतरवताना पायलटचे डोळे क्षणभर दिपले तरी घात होऊ शकतो. लोकांचा जीव धोक्यात घातला म्हणून गुन्हा लागतो, दंड होतो, तुरुंगही होतो. मस्करीत केलं की बहिणीसाठी केलं, उजेड तोच. मेहुणा एवढंच बोलला, "साहेब, माजी बाय पायी थोडीच जानार? ती इमानातच बसली असंल."

माझं टाळकं फिरलं. "आनि बाकीच्या शिटांवर कोन बसलं हुतं रं? त्या कुनाच्या बाया न्हाईत? त्यांची घरी कोन वाट बघत न्हाय?"

त्याने खिशातली बत्ती काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, देवापुढे नारळ ठेवावा तशी.

साहेब मला म्हणाले, बाबा, घर तुमचं आहे, उगाच अडकाल. मला काही ठाऊक नव्हतं एवढं लिहून द्या आणि घरी जा. मला राग आला. या वेळी मेहुण्याचा नव्हता. म्हटलं, "साहेब, खरं ते लिवा. मी पयल्याच दिवशी बघितलं. जिन्यात उभा हुतो. बोललो न्हाय."

"भावजी, तुमी कशाला?" मेहुणा म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं. का बोललो नाही ते साहेबांनी विचारलं नाही, बरं झालं. त्या दिवशी रेघ थेट विमानापर्यंत गेली होती, आणि मी मूर्ख म्हातारा जिन्यातून त्याची एकेक खिडकी बघत होतो.

त्याला जामीन मिळाला. खटला चालू आहे, बत्ती जप्त आहे, पुढे काय होईल ते वकीलही सांगत नाही. तारखेला आम्ही बरोबरच जातो. कोर्टाच्या आवारात वरून विमान गेलं की त्याचा रिकामा हात आपोआप उठतो. मी शिवी हासडतो, मनगट धरून हात खाली ओढतो. मग विमान दिसेनासं होईपर्यंत ते मनगट मला सोडवत नाही.