नोटिशीच्या कोपऱ्यातलं नाव

ती घटना आठवली की आजही मला आधी एक कापडी पिशवी दिसते. तिच्यात दोन सदरे, एक धोतर, टॉवेल, दाढीचं सामान आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. अटक होणार म्हणून घरून सगळी तयारी करून आलेला माणूस पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी तो एकच पाहिला.

मी तेव्हा नागपुरात इतवारीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, मे महिना होता आणि माझं डोकं उन्हाच्या आधीच तापायचं. सकाळी हजेरी झाली, स्टेशन डायरी वाचली, लॉकअपवर एक नजर टाकली की मी समोरच्या टपरीवरून चहा मागवायचो. हा टपरीवाला म्हणजे आमचा बिनपगारी खबऱ्या. त्या दिवशी तो स्वतःच चहा घेऊन आत आला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"साहेब, एक बुढेबाबा दोन दिवसांपासून माह्या बाकड्यावर बसून राहिले. पिशवी मांडीवर धरतात अन् नुसते ठाण्याकडे पाहतात. काल फाटकापर्यंत गेले अन् वापस आले. मले तर काही खरं दिसत नाही."

दोन दिवस पिशवी धरून ठाण्यावर नजर ठेवणारा माणूस! मी चहा तसाच ठेवला आणि शिपायाला पिटाळलं. त्यानं ज्यांना आत आणलं ते सत्तरीचे, काटकुळे, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. पिशवी उघडायला लावली तर वर सांगितलेला ऐवज निघाला. शिवाय एक चारघडी कागद.

"मले अटक करा जी," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"कम्प्युटरवर वाईट पायलं म्हणून. मीच पायलं. घरात दुसरं कोणी नाही. सही कुठं करू सांगा."

कागदावर शाळकरी वळणाच्या अक्षरात एक नोटीस उतरवलेली होती. पोलिसांच्या नावानं. या संगणकावर अश्लील चित्रफिती पाहिल्या गेल्या आहेत, संगणक बंद करण्यात आला आहे, ताबडतोब दंड भरा नाहीतर अटक होईल, वगैरे. वर पेनानं राजमुद्रासुद्धा काढली होती, पण त्यातले सिंह मांजरांसारखे दिसत होते. घरी प्रिंटर नाही, म्हणून बाबांनी पडद्यावर दिसलं ते सगळं हातानं उतरवून आणलं होतं.

नोटीस बनावट आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण कबुलीचं काय? समोर बसून कोणी कबुली देत असेल तर ती तपासावी लागते. मी त्यांना समोर बसवलं आणि जबाब घ्यायला लागलो.

"काय पाहिलं?"

"वाईट जी. लोकं पायतात ते."

"कधी?"

"दुपारी. जेवण झाल्यावर."

"रोज?"

ते गडबडले. "रोज म्हणजे... एकादशी सोडून."

माझ्या मागे उभा असलेला शिपाई खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेरच गेला.

"त्यात काय होतं ते सांगा, काका."

बाबांनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला. "बायका होत्या जी."

"काय करत होत्या?"

"नाचून राहिल्या होत्या."

मी पेन खाली ठेवलं. खरा गुन्हेगार कबुली देताना एकेक शब्द मोजून देतो, सही टाळतो. जो दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला आलेला असतो, त्याला मात्र सहीची घाई असते. पोरासाठी बाप असे आलेले मी पाहिले होते. हे बाबा कोणाला वाचवत होते?

"कम्प्युटर कोणाचा आहे?" मी जरा खेकसूनच विचारलं.

"माह्याच."

"खरं बोला!"

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. मला आज लाज वाटते, पण तेव्हा मी टेबलावर हात आपटला. म्हातारा दचकला, पण त्यानं पिशवी सोडली नाही.

आमच्या ठाण्यात सायबरचं काम बघणाऱ्या एक हवालदार बाई होत्या. कपाळाला आठी न पाडता काम करणाऱ्या. त्या कागद उन्हाकडे धरून वाचत होत्या. "सर," त्या म्हणाल्या, "ही नोटीस पाहा तरी. मधेच काय काय लिहिलंय. 'लाइट बिल.' 'पेपर वाचा.' 'पोरीचा फोन.' 'चिडले असाल तर हे ऐका.' अशी नोटीस असते का कुठं? आणि वर कोपऱ्यात हे बाईचं नाव. हे नोटिशीतलं नाहीये. बाबांनी अख्खा पडदा उतरवलाय. हे नाव ब्राउझरच्या कोपऱ्यातलं आहे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, संगणकावर आपण ज्या खिडकीतून इंटरनेट पाहतो, तिला ब्राउझर म्हणतात. ज्या माणसानं ती मांडून घेतली असेल त्याचं नाव कोपऱ्यात दिसतं. नेहमी लागणाऱ्या पानांना आपल्या शब्दांत नावं देऊन ती वरच्या पट्टीत ठेवता येतात.

"ही बाई कोण, काका?" मी आवाज उतरवून विचारलं.

आणि बाबांचा बांध फुटला. "आमच्या हिचं नाव हाय जी. दीड वर्ष झालं तिले जाऊन. कम्प्युटर तिचा. बचत गटाच्या साड्या विकायसाठी घेतला होता तिनं, सारं तीच शिकली. आता पोलिसाच्या नोटिशीवर तिचं नाव आलं. अशा घाण गोष्टीत! दंड भरला तर तिच्या नावानं कबूल केल्यासारखं होते ना? म्हणून म्हटलं, मीच सांगतो मी पायलं म्हणून. माहं नाव खराब झालं तर झालं. तिचं काहून व्हावं?"

काय सांगू, मी जबाबाचा कागद फाडून टाकला. हवालदार बाई तर सरळ खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी बाबांना तो गार झालेला चहा दिला, तो त्यांनी घेतला. मग त्यांना समजावून सांगितलं, की पोलीस पडद्यावरून अटक करत नाहीत, नोटीस खोटी आहे, तुमच्या घरच्या बाईंचं नाव कुठल्याही गुन्ह्यात नाही. त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "लिहून देता का जी?" मी ठाण्याच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून दिलं. कायद्यात ते बसतं का नाही, देव जाणे.

जीप काढली आणि आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. वस्ती विणकरांची. समोरच्या खोलीत हातमाग होता, आता बंद पडलेला, पण जुन्या ताण्याचे उभे धागे अजून त्याच्यावर तसेच होते. कोपऱ्यात विणलेल्या कापडाखाली झाकलेला संगणक. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली: 'विचारलं तर हो दाबा.'

हवालदार बाईंनी पाचच मिनिटांत सगळं शोधून काढलं. ब्राउझर इतका जुना होता की तो बनवणाऱ्यांनीच त्याची देखभाल सोडून दिली होती. त्यात बाबांनी दिसेल त्या पानाला परवानगी दिलेली. कोणी विचारलं, तुम्हाला सूचना पाठवू का? हो. हे चालू करू का? हो. असे तीसेक भामटे त्या खिडकीतून डोकावत होते, त्यातल्याच एकानं पोलीस असल्याचं सोंग घेतलं होतं.

"सगळ्यांना हो कशाला म्हटलं, काका?"

त्यांनी चिठ्ठीकडे बोट केलं. "तिनं लिवून ठेवलं होतं ना."

मुलगी पुण्याला असते. तिचा व्हिडिओ कॉल आला की संगणक विचारायचा, कॅमेरा सुरू करू का? त्यासाठी ती चिठ्ठी होती. बायको गेल्यावर या माणसानं तिचा शब्द मोडायचा नाही असं ठरवलं आणि जगातल्या प्रत्येक चोराला हो म्हणत गेला.

"म्हणजे तिनं चुकीचं सांगितलं का जी?" त्यांचा चेहरा उतरला.

"मुळीच नाही. त्यांनी एका दारासाठी सांगितलं होतं, तुम्ही सगळी दारं उघडलीत. चूक तुमची." मी मुद्दाम जरा दरडावलं. त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं.

मग मी माझ्या नेहमीच्या घाईनं म्हणालो, "बाई, हे भंगार काढून टाका आणि नवा ब्राउझर टाका."

बाबा उठले आणि त्यांनी दोन्ही तळहात पडद्यावर ठेवले. "नाही जी. मले घेऊन चला ठाण्यात, पण हे नोका काढू. हे सारं तिनं मांडलं हाय. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी साड्या केल्या, पण त्या साऱ्या लोकायच्या घरी गेल्या. घरात तिच्या हातचं एवढंच उरलं हाय."

मी चिडलो नाही असं म्हणणं खोटं होईल. अहो, चोर घरात शिरले आहेत आणि हा माणूस दार बदलायला नाही म्हणतो! मी मागे वळलो आणि मागाकडे नजर गेली. माझं आजोळ उमरेडचं, विणकरांचं. लहानपणी मागाखाली बसून मी बराच मार खाल्ला आहे.

"काका, ताणा संपला की काय करता? जुना फेकून देता आणि नवा पहिल्यापासून ओवता?"

"छ्या! मरून जाईन माणूस. जुन्याच्या टोकाले नवा गाठवतो, एकेक तार. मंग ओढून घेतो."

"कोण गाठवायचं?"

ते थांबले. "मी विणो, ती गाठवे."

"मग हे तसंच आहे. त्यांनी मांडलेलं सगळं नव्याला गाठवून ओढून घेऊ. फक्त चोरांना दिलेल्या परवानग्या येणार नाहीत. एक जरी तार तुटली तर मी स्वतः जुनं परत लावून देईन."

त्यांनी एकदा मागाकडे पाहिलं. मग हात खाली घेतले.

हवालदार बाईंनी नवा ब्राउझर टाकला. जुन्या खुणा, म्हणजे पट्टीतली ती नावं, एका कळीसरशी आल्या, पण बाबांचा एका कळीवर विश्वास बसेना. तेव्हा आम्ही तीच खोटी नोटीस पुढ्यात घेतली आणि त्यांनी उतरवलेल्या एकेका नावावर पेन्सिलनं टिक करत गेलो. लाइट बिल, आलं. पेपर वाचा, आलं. पोरीचा फोन, आलं. 'चिडले असाल तर हे ऐका' दाबलं तेव्हा बासरी वाजायला लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुमीच ऐका जी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मी मुकाट्यानं ऐकलं.

बाबांनी चिठ्ठी मात्र काढू दिली नाही. "वरचं खोडू नोका, खाली लिवा," म्हणाले. बाईंनी खाली लिहिलं, 'फक्त पोरीच्या फोनला.'

गुन्हा कोणावरच दाखल झाला नाही. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद झाली, खोटी नोटीस वरिष्ठांकडे कळवली, एवढंच. पण खुनाच्या तपासातून शिकलो नाही ते मी त्या खोलीत शिकलो. माणूस हट्टीपणा करतो तेव्हा त्याला शहाणपण सांगण्याआधी तो काय धरून बसला आहे ते विचारावं. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं, याचं वाईट वाटतं. आज शेजारपाजारचे म्हातारे मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी विचारतो, "यात तुमचं काय आहे?" आणि मगच हात लावतो.

एक सांगायचं राहिलं. शेवटी नव्या ब्राउझरनं कोपऱ्यात टाकायला नाव मागितलं. बाई उठून पाणी प्यायला गेल्या होत्या, म्हणून मी कीबोर्डवर बसलो. "काका, आता तुमचं नाव टाकतो. पुन्हा घोळ नको."

"माहं नको," ते म्हणाले.

दिवसभर ते 'ही', 'ती', 'आमच्या हिचं' असंच बोलत होते. त्यांच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारत नाहीत. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, टोपी नीट केली आणि तिचं नाव मोठ्यानं घेतलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा एकदा घेतलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आयुष्यभर आरोपींची नावं लिहीत आलो. हे एक मी दोन बोटांनी, सावकाश टाइप केलं, आणि बाबांना वाचून दाखवलं.